जिंकलो की स्पर्धाच बंद? नेदरलँड्सच्या बेसबॉल टीमसाठी एक खुलं पत्र

प्रति,
पदाधिकारी, वर्ल्ड बेसबॉल सॉफ्टबॉल कॉन्फेडरेशन, स्वित्झर्लंड
आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीतले जे कोणी हे वाचतील ते

विषय: युरोपातल्या टीमना जागतिक स्पर्धांमध्ये मिळणारी जागा, आणि नेदरलँड्सच्या टीमवर झालेला अन्याय

सप्रेम नमस्कार,

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल परत येतोय हे कळल्यावर आमच्या घरात आनंद झाला होता, आणि मग पुढचं वाक्य वाचलं की टीम सहाच असणार. टोकियोलाही सहाच होत्या. सहातली एक यजमान म्हणून अमेरिका, उरलेल्या पाचात जपान, कोरिया, तैवान, डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा आणि अख्खं युरोप. हे गणित कुठलंही लहान पोरगं करू शकतं, आणि आमच्या क्लबातल्या पोरांनी ते केलंसुद्धा. म्हणून, आणि 2011 ला नेदरलँड्सची टीम जिंकली त्याच वर्षी वर्ल्ड कपच बंद झाला म्हणूनही, हे पत्र लिहितेय. इंग्रजीतलं पत्र तुमच्या पत्त्यावर वेगळं पाठवलंय, हे मराठीत मुद्दाम सगळ्यांसमोर ठेवतेय कारण हा प्रश्न माझ्या माणसांनीही वाचावा असं मला वाटतं, इथे होफडॉर्प, आम्स्टलफेन, आइंडहोफनला आता किती मराठी घरं आहेत आणि त्यातली किती मुलं शनिवारी सकाळी ग्लव्ह घेऊन मैदानावर जातात ते मी बघतेच आहे.

आधी माझा संबंध काय ते सांगते. मी मूळची जळगावची. आमच्याकडे सॉफ्टबॉल शाळाशाळांतून खेळतात, मीही खेळले, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभी राहायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे होफडॉर्पला आलो आणि घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर बेसबॉलचं खरंखुरं मैदान आहे हे बघून मला काय वाटलं असेल ते सॉफ्टबॉल खेळलेल्या बायकांनाच कळेल. मुलगा आधी बीबॉल खेळायचा, म्हणजे लहान मुलांसाठी सोपा केलेला बेसबॉल, आता तो मोठ्यांच्या गटात पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला बॉल टाकतो. मी क्लबच्या कँटीनमध्ये पाळीने कॉफी आणि तोस्ती, म्हणजे भाजलेलं चीज सँडविच, देते, स्कोअरशीट भरते, इथे क्लब असेच चालतात, पगारी माणूस जवळजवळ नसतोच. आणि हार्लेमचं पिम म्युलियर स्टेडियम माझं दुसरं घर झालंय, तिथला बेसबॉल वीक 1961 पासून चालू आहे, क्युबा, जपान, तैवान, अमेरिकेची कॉलेजची पोरं, सगळे तिथे येऊन खेळून गेलेत.

तर मुद्दा असा की हा देश बेसबॉल काल शिकलेला नाही. इथली फेडरेशन 1912 ची आहे. 1952 ला हान उर्बानुस नावाचा आम्स्टरडॅमचा पिचर न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक टीमच्या सरावात जाऊन शिकून आला आणि आल्यावर इथल्या पोरांना शिकवलं. युरोपियन चॅम्पियनशिप 1954 ला सुरू झाली, पहिली इटलीने घेतली, आणि 1956 पासून आजपर्यंत नेदरलँड्सने वीसपेक्षा जास्त वेळा ती जिंकलीय. हे आकडे तुम्हाला ठाऊक आहेत, तुमच्याच कागदांत आहेत. मी ते मराठी वाचकांसाठी सांगतेय, कारण आपल्याकडे नेदरलँड्स म्हटलं की फुटबॉल, हॉकी आणि हल्ली थोडं क्रिकेट.

आता जागतिक स्पर्धांचं सांगते, आणि हे जरा सविस्तर सांगणार आहे कारण तुम्ही जे काढून घेतलंत त्याची किंमत त्याशिवाय कळणार नाही.

20 सप्टेंबर 2000, सिडनी ऑलिम्पिक. क्युबा 1992 आणि 1996 दोन्हीकडे एकही मॅच न हरता सुवर्ण घेऊन आलेली, सिडनीतही पहिल्या मॅचेस जिंकलेल्या. ऑलिम्पिकमध्ये त्यांना तोवर कुणीही, अगदी कुणीही हरवलेलं नव्हतं. नेदरलँड्सने त्यांना 4-2 ने हरवलं. त्या टीममध्ये क्युरासावचा, म्हणजे नेदरलँड्सच्याच राज्यातल्या कॅरिबियन बेटावरचा, हेन्सली म्युलेन्स होता, त्या बेटावरून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, पोचलेला पहिला माणूस, आणि तिथल्याच यांकीजकडून खेळून आलेला रॉबर्ट एनहॉर्न होता. 1996, 2000, 2004, 2008, चारही ऑलिम्पिकला ही टीम होती. पदक नाही मिळालं, पाचवा नंबर, सहावा नंबर असं, पण दर वेळी होती.

मग 2006 चं पहिलं वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, देशादेशांच्या टीमची नवी स्पर्धा. पनामाविरुद्ध शायरन मार्टिस नावाचा पिचर, वय वर्षं 18, आणि नियम असा की एका पिचरने 65 च्या वर बॉल टाकायचे नाहीत. पोराने बरोबर 65 बॉलमध्ये सात इनिंग (पूर्ण मॅच नऊ इनिंगची, बरोबरी झाली तर पुढे) संपवल्या आणि समोरच्याला एकही हिट दिली नाही, दहा रनांचा फरक झाल्याने मॅच तिथेच थांबली. आणखी एक बॅटर उरला असता तर त्याला बाहेर यावं लागलं असतं! मी माझ्या मुलाला पिचिंगबद्दल काही समजवायचं असेल तर हेच सांगते, की जोर सगळ्यांकडे असतो, बॉल वाया न घालवणं त्याच्याकडे होतं.

आणि 2009. सान हुआनमध्ये डॉमिनिकन रिपब्लिक, डेव्हिड ऑर्टिझ, होसे रेयेस, टेहादा, पेद्रो मार्टिनेझ, एकेकाचं नाव घेतलं तरी समोरच्याचे हात थरथरावेत अशी टीम. 7 मार्चला नेदरलँड्सने त्यांना 3-2 ने हरवलं, लोक म्हणाले नशीब. 10 मार्चला पुन्हा तीच टीम समोर, हरेल तो घरी. नऊ इनिंग झाल्या तरी दोघांचा शून्य. दहावीतही शून्य. अकराव्या इनिंगमध्ये उजव्या फिल्डमध्ये यूजीन किंगसेलच्या हातून चूक झाली आणि डॉमिनिकनचा रन आला, सगळं संपल्यासारखं. मग त्याच इनिंगच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे नेदरलँड्सच्या पाळीत, तोच किंगसेल बॅटिंगला आला आणि त्याच्याच हिटवर बरोबरी झाली, आणि पुढे पिचरने त्याला पकडायला फेकलेला बॉल भलतीकडे गेला तसा तो तिसऱ्या बेसवर पोचला, आणि युरेंडेल दे कास्टरचा बॉल पहिल्या बेसवरच्या विली आयबारला लागून उडाला तसा किंगसेल होम बेसवर पोचला, म्हणजे रन. 2-1. डॉमिनिकन रिपब्लिक स्पर्धेबाहेर. मी ती मॅच नंतर रेकॉर्डिंगवर बघितली, निकाल माहीत असून खुर्चीवर बसवत नव्हतं.

ही टीम त्या वर्षांत वर वर चढत होती हो. 2005 ला वर्ल्ड कप इथेच झाला, चौथा नंबर. 2006 ला इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये दुसरा नंबर. 2007 च्या वर्ल्ड कपला पुन्हा चौथा. 2010 च्या इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये पुन्हा दुसरा. आणि मग 15 ऑक्टोबर 2011, पनामा सिटी, वर्ल्ड कपची फायनल, समोर क्युबा, ज्यांनी हा कप पंचवीस वेळा जिंकलेला. सोळा टीमची स्पर्धा. नेदरलँड्स 2, क्युबा 1. मॅनेजर ब्रायन फार्ली, फायनलला पिचिंगची सुरुवात रॉब कोर्डेमान्सने केलेली, आणि टीममध्ये झँडर बोगार्ट्स, योनाथन स्कूप अशी तेव्हा कुणाला फारशी माहीत नसलेली कोवळी पोरं. 1938 ला ग्रेट ब्रिटनने इंग्लंडमध्ये अमेरिकेला हरवलेलं, त्यानंतर 73 वर्षांनी युरोपातला देश बेसबॉलचा जगज्जेता झाला.

आता हिशोब बघा. 2005 च्या जुलैमध्ये सिंगापूरला ऑलिम्पिक समितीने मतदान घेऊन बेसबॉल आणि सॉफ्टबॉल 2012 पासून काढून टाकले, म्हणजे 2008 नंतर ऑलिम्पिक संपलं. इंटरकॉन्टिनेंटल कप 2010 नंतर बंद. आणि वर्ल्ड कप जिंकून ही पोरं घरी येतात न येतात तोच त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय बेसबॉल फेडरेशनने, म्हणजे तुमच्याच आधीच्या संस्थेने, वर्ल्ड कपच बंद केला. चार वर्षांत तीन स्पर्धा गेल्या आणि त्या नेमक्या अशा की ज्यात ही टीम पोचत होती, जिंकत होती. आमचं पान वाढून झालं आणि पंगतच उठवली. संस्थेचे प्रमुख तेव्हा रिकार्दो फ्राकारी होते, स्वतः इटलीचे, म्हणजे युरोपात एक जागतिक टायटल यायला किती पिढ्या जातात हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, आणि म्हणूनच मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

कारण मला माहितीय. मेजर लीगचं वर्ल्ड क्लासिक आलं, तिथे मोठे खेळाडू येतात, टीव्हीचा पैसा येतो, मग दोन दोन जागतिक स्पर्धा कशाला, असं म्हणणं होतं. ठीक आहे. क्लासिक चांगली स्पर्धा आहे, मी नाकारत नाही, 2013 ला याच टीमने तिथे कोरियाला 5-0 ने हरवलं आणि क्युबाला दोनदा, दुसऱ्या वेळी आठव्या इनिंगमध्ये अँड्रेल्टन सिमन्सच्या होमरनने, म्हणजे आपल्या सिक्सरसारख्या फटक्याने, बरोबरी करून नवव्यात 7-6, आणि सेमीफायनल गाठली. 2017 ला पुन्हा सेमीफायनल, पोर्तो रिकोकडून अकराव्या इनिंगमध्ये 4-3 ने हार, व्लादिमीर बालेंटीनने त्या स्पर्धेत चार होमरन मारले होते, हा तोच ज्याने 2013 ला जपानच्या लीगमध्ये 60 होमरन मारून सादाहारू ओहचा 55 चा विक्रम मोडला. पण क्लासिक ही मेजर लीगने उभी केलेली स्पर्धा आहे, वेळ त्यांची, मैदानं त्यांना परवडतील ती, आणि ती तीन चार वर्षांनी एकदा होते. ती असावीच, पण तिच्यासाठी खुला वर्ल्ड कप मारायचं काय कारण होतं?

हरण्याबद्दल तक्रार नाही हे मला स्पष्ट करायचंय. 2023 च्या क्लासिकला तैवानमधल्या तैचुंगच्या गटात पाचही टीम दोन जिंकून दोन हरल्या, असं कधी बघितलं नव्हतं, मग कुणी किती रन दिले यावर ठरलं. क्युबाने चार मॅचमध्ये 15 दिले, इटलीने 17, नेदरलँड्सने 19. आम्ही बाहेर. शेवटच्या मॅचला इटलीने 7-1 ने धुतलं, त्यांनी कमावलं ते, नियम आधी सगळ्यांना माहीत होता. मैदानावर जे होतं ते मान्य. माझं भांडण मैदानाबाहेर टेबलावर बसून जे ठरतं त्याच्याशी आहे.

टोकियो ऑलिम्पिकचंच घ्या. 2019 ला युरोपियन चॅम्पियनशिप जर्मनीत होती, 15 सप्टेंबरला नेदरलँड्स चॅम्पियन झाली. 18 सप्टेंबरला इटलीत ऑलिम्पिक क्वालिफायर सुरू. मधे दोन दिवस! पिचरचा हात म्हणजे मशीन आहे का? आणि युरोप अधिक आफ्रिका मिळून जागा किती तर एक. शिवाय सप्टेंबर म्हणजे मेजर लीगचा सीझन ऐन भरात, बोगार्ट्स, सिमन्स, स्कूप, ग्रेगोरियस यातलं कुणी येणं शक्यच नाही. इस्रायल सुंदर खेळली आणि ती जागा घेतली, त्यांचं मनापासून अभिनंदन, त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा नाही. पण युरोपचा चॅम्पियन दोन दिवसांच्या विश्रांतीवर एका जागेसाठी आणि अमेरिका खंडात मात्र वेगळी संधी, आशियाला वेगळी, हे समान आहे असं तुम्हीच सांगा. 2021 ला मेक्सिकोत शेवटची संधी होती, तिथेही जागा एकच, ती डॉमिनिकनला गेली.

मोठे खेळाडू न सोडण्याचा मुद्दा तर वेगळाच. तुमच्या प्रीमियर ट्वेल्व्हला, म्हणजे रँकिंगमधल्या पहिल्या बारा टीमच्या स्पर्धेला, मेजर लीगच्या प्रत्येक क्लबच्या चाळीसच्या यादीतले खेळाडू सोडत नाहीत. अमेरिकेचे ते सगळे गेले तरी मागे हजारो आहेत. क्युरासाव आणि शेजारचं अरुबा बेट मिळून लोकवस्ती किती, आपल्या एका मोठ्या तालुक्याएवढी, तिथून इतके खेळाडू येतात हाच चमत्कार आहे, त्यातले पाच सहा गेले की अर्धी टीम गेली. बाकीची इथल्या लीगमधली पोरं, बहुतेक जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. एक मुलगा संध्याकाळी कामावरून थेट मैदानावर येतो, गाडीतच स्पाइक्स बदलतो, आणि सराव झाल्यावर लहान मुलांचं कोचिंग करून मगच घरी जातो. ऑलिम्पिकमध्ये खेळ नसला की सरकारी मदतीत तो मागे पडतो, मग अकादमीला पैसा नाही, आईबाप म्हणतात हॉकीला घाल. हे तुमच्या मीटिंगच्या खोलीतून दिसत नसेल, कँटीनच्या खिडकीतून रोज दिसतं.

आणि मॅचेस कुठे होतात ते बघा. प्रीमियर ट्वेल्व्ह 2015, 2019, 2024, तैवान, जपान, कोरिया, मेक्सिको. क्लासिकच्या मुख्य फेऱ्यांतली एकसुद्धा मॅच युरोपात झालेली नाही, जर्मनीत रेगेन्सबुर्गला क्वालिफायर तेवढे झाले. होफडॉर्पला मेजर लीगच्या मापाचं मैदान आहे, हार्लेम आहे, रॉटरडॅम आहे, 1986 आणि 2005 चा वर्ल्ड कप या देशाने भरवून दाखवलाय. इथल्या मुलांनी आपला संघ मोठ्या स्पर्धेत खेळताना बघायचा तर रात्री दोनला उठायचं, आणि दुसऱ्या दिवशी शाळा.

मराठी वाचकांना हे क्रिकेटवरून पटकन समजेल. आयसीसीने 2015 च्या वर्ल्ड कपला 14 टीम होत्या त्या 2019 ला 10 केल्या, किती आरडाओरडा झाला, शेवटी 2027 साठी पुन्हा 14 केल्या. याच नेदरलँड्सच्या क्रिकेट टीमने 2023 ला धरमशालेला दक्षिण आफ्रिकेला हरवलं तेव्हा आपण सगळेच खूश झालो होतो ना? जागा मिळाली म्हणून तो दिवस दिसला. बेसबॉलमध्येही हे दुरुस्त होऊ शकतं. प्रीमियर ट्वेल्व्ह पुढच्या वेळी सोळा टीमची करणार असं तुम्ही जाहीर केलंत, ते चांगलं पाऊल आहे, त्यासाठी धन्यवादही देते. पण तेवढ्यावर थांबू नका.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

1. खुला वर्ल्ड कप परत सुरू करा. रँकिंग बघून आमंत्रण नको, खंडाखंडातून क्वालिफाय होऊन येणारी स्पर्धा, निदान चार वर्षांतून एकदा. चेक रिपब्लिकसारख्या टीमचा त्यातच फायदा आहे. 2023 च्या क्लासिकला त्यांचा इलेक्ट्रिशियन पिचर ओंद्रेय सातोरिया याने टोकियोत जपानचा सुपरस्टार ओहतानी याला आऊट केलं, सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या, तुम्हीही वाजवल्या असतील. मग अशांना खेळायला जागा द्या.

2. ऑलिम्पिकमध्ये आठ टीमसाठी ऑलिम्पिक समितीकडे लेखी आग्रह धरा. 1992 ते 2008 आठच होत्या. आणि टीम कितीही असोत, युरोपची एक जागा युरोपचीच ठेवा, दुसऱ्या खंडाबरोबर वाटून नको.

3. क्वालिफायर आणि खंडाची चॅम्पियनशिप यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. याला तर पैसेही लागत नाहीत.

4. येत्या काही वर्षांत एका मोठ्या स्पर्धेचा मुख्य गट युरोपात घ्या.

5. खेळाडू सोडण्याबद्दल मेजर लीगशी जी काही बोलणी होतील त्यात लहान देशांचा एक माणूस बसवा, आणि काय ठरलं ते जाहीर करा.

6. 1938 ते 2011 च्या सगळ्या वर्ल्ड कपचे स्कोअरकार्ड, फोटो, जे काही चित्रीकरण असेल ते एका ठिकाणी सगळ्यांना बघता येईल असं ठेवा. आमच्या क्लबातल्या बारा तेरा वर्षांच्या पोरांना 2011 विचारलं तर निम्म्यांना माहीत नसतं की आपला देश जगज्जेता होता. ज्या स्पर्धेचं पुढचं वर्षच येत नाही तिची आठवण काढायला निमित्त तरी कुठून येणार.

आणि भारतातल्या वाचकांना एक विनंती. भारताची बेसबॉल फेडरेशनही या संस्थेची सभासद आहे. आपल्याकडे जळगाव, अमरावती, पुण्यात जी मुलं मुली सॉफ्टबॉल बेसबॉल खेळतात त्यांच्यासाठी खुला वर्ल्ड कप म्हणजे कधीतरी तिथवर जायचा एकमेव रस्ता आहे, रँकिंगने बोलावणार असतील तर आपला नंबर कधी लागायचा? तुमच्या ओळखीत राज्य संघटनेत कुणी असेल तर हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचवा आणि आपल्या फेडरेशनने खुल्या वर्ल्ड कपच्या बाजूने उभं राहावं असं त्यांना सांगा.

पदाधिकाऱ्यांना शेवटचं एवढंच, की या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः नको, जाहीर द्या. वर्ल्ड कप परत आणणार की नाही, हो किंवा नाही. नाही असेल तर कारण लिहा, ते मी मराठीत करून इथल्या आणि तिथल्या सगळ्या क्लबांना वाचून दाखवेन.

कळावे,
पिचरची आई, क्लबची स्कोअरर
होफडॉर्प, नेदरलँड्स (मूळ जळगाव)